सांगलीत इटालियन हॉटेलात पहिल्यांदा जेवायला जाताना

विश्रामबागच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर दहा टेबलांचे एक छोटे इटालियन हॉटेल सुरू झाले, तेव्हा आमच्या घरात पहिला उत्साह कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आला आणि पहिली शंका माझ्या आईला. एका शनिवारी रात्री आम्ही चौघे आणि शेजारच्या जैन काकू असे पाच जण तिथे गेलो आणि थाळीच्या हिशेबाने माणशी एक पदार्थ सांगून मोकळे झालो. मुलीचा पिझ्झा लगेच आला, माझा भाताचा पदार्थ अर्ध्या तासाने आला, काकूंच्या पास्त्यात लसूण निघाल्यामुळे त्यांनी लिंबू सरबतावर रात्र काढली, आईने ‘हे शिजलेलं नाही’ म्हणून बशी परत पाठवली, आणि बिल आल्यावर मी आकडे न पाहताच पैसे देऊन उठलो. त्यानंतर आम्ही तिथे बऱ्याचदा गेलो आहोत आणि आता माझ्या लक्षात आले आहे की त्या रात्रीचा बहुतेक घोटाळा आमचाच होता, कारण जे कार्डावर लिहिलेले नसते ते आम्ही विचारलेच नव्हते. आपण पहिल्यांदा जाणार असाल, तर पुढचे टप्पे त्याच क्रमाने वाचावेत.

सोबत फार काही लागत नाही:

- टेबल राखण्यासाठी दिलेले नाव आणि वेळ
- कोणाला काय चालत नाही याची यादी (कांदा-लसूण, अंडे, अक्रोड-काजूसारखी कवचाची फळे, मैदा, दूध)
- यूपीआयखेरीज थोडी रोख रक्कम, कारण तळमजल्यावर रेंज जाण्याचा अनुभव मी घेतला आहे
- उरलेले आणण्यासाठी घरचा एक पसरट डबा
- आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचा वाचायचा चष्मा, कारण कार्डावरची अक्षरे बारीक असतात आणि दिवे मंद

१. जाण्याआधी फोन करावा

दहा टेबलांच्या हॉटेलात शनिवारी-रविवारी आयत्या वेळी जागा मिळेल हे गृहीत धरू नये. फोनवर टेबल राखून ठेवताना आणखी चार गोष्टी विचाराव्यात. स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी आहे की मिश्र, हा पहिला प्रश्न; मिश्र असेल तर पिझ्झा कापायची सुरी आणि पास्ता उकळायचे पातेले वेगळे असते का, हा दुसरा. दुपारी जायचे असेल तर दुपारी किती ते किती बंद असते, आणि रात्री शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, हे तिसरे आणि चौथे. आपल्याकडे कुटुंबासह जेवायला निघायचे म्हणजे नऊ वाजतात. त्या हॉटेलात सव्वादहाला भट्टी विझवतात, हे आम्हाला दुसऱ्या भेटीत दाराशी उभे राहून कळले.

जैन मंडळी बरोबर असतील तर तेही फोनवरच सांगावे, जेवायला बसल्यावर नव्हे. त्याचे कारण पुढे तिसऱ्या टप्प्यात येईल.

२. कार्ड वरून खाली वाचावे

आपल्या ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर, भात असे सगळे एकाच वेळी वाढलेले असते आणि जेवणारा आपल्या मनाने क्रम लावतो. इटालियन जेवणात क्रम आधीच ठरलेला असतो आणि कार्ड त्याच क्रमाने लिहिलेले असते. सर्वांत वर ‘अँटिपास्ती’, म्हणजे जेवणाआधीचे तोंडीलावणे. त्यानंतर ‘प्रिमो’, म्हणजे पहिला पदार्थ; यात पास्ता, रिझोतो आणि सूप येते. मग ‘सेकोंदो’, म्हणजे दुसरा पदार्थ, जो बहुधा मांसाचा किंवा मासळीचा असतो आणि त्याच्या जोडीला ‘कोंतोर्नो’ नावाने भाजी किंवा सॅलड वेगळे मागवायचे असते. शेवटी ‘दोल्चे’, म्हणजे गोड. पिझ्झा या रांगेत बसत नाही. तो एकटाच पूर्ण जेवण असतो.

सांगलीतल्या कार्डावर ही सगळी नावे असतीलच असे नाही, पण क्रम हाच असतो. सगळे टप्पे घ्यायलाच हवेत असा कोणताही नियम नाही. आमच्या घरी सेकोंदो कधीच घेतला जात नाही आणि त्यावरून कोणी भुवया उंचावल्याचे पाहिलेले नाही.

नावे उच्चारताना संकोच वाटतो, हे मान्य. ‘ब्रुस्केत्ता’ म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो. तो ‘ब्रुशेटा’ नव्हे. ‘न्योक्की’ म्हणजे बटाट्याच्या लाटून कापलेल्या बारीक गोळ्या. त्याला ‘ग्नोची’ म्हटले तरी वाढणाऱ्या मुलाला समजते, कारण दिवसभर तो तेच ऐकत असतो. कार्डावर बोट ठेवून दाखवले तरी चालते.

३. शाकाहारी असाल तर हिरव्या ठिपक्यावर थांबू नये

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. कार्डावर पदार्थापुढे हिरवा ठिपका असतो तेव्हा त्यात मांस नाही एवढे आपण समजतो. पण इटालियन स्वयंपाकात मांसाशिवायही काही गोष्टी अशा असतात की त्या माहीत असत्या तर आपल्यापैकी पुष्कळांनी घेतल्या नसत्या.

पहिली गोष्ट म्हणजे किसून वरून भुरभुरायचे कोरडे चीज. इटलीतले खरे पार्मेझान, ज्याला तिकडे ‘पार्मिजानो रेज्जानो’ म्हणतात, ते किमान बारा महिने मुरवलेले असते आणि त्याचे दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. आपल्याकडे त्याच धर्तीवर बनवलेली जी चीज मिळतात त्यांतल्या अनेकांत सूक्ष्मजीवांपासून बनवलेले रेनेट असते आणि तसे पाकिटावर छापलेलेही असते. म्हणून ‘हे चीज शाकाहारी आहे का’ असा मोघम प्रश्न न विचारता ‘पाकीट बघायला मिळेल का’ असे विचारावे. आम्हाला ते विनातक्रार आणून दाखवले गेले. पेस्तो नावाची हिरवी चटणी मागवतानाही हाच प्रश्न विचारावा, कारण तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया आणि ऑलिव्ह तेल यांच्या जोडीला तीत हेच चीज वाटलेले असते. पेस्तोची पाने पाहून आई म्हणाली होती, ‘ही तर सब्जाची पानं’, आणि ती बरोबर होती. फालुद्यात घालतात तो सब्जा याच झाडाचे बी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे सूप आणि रिझोतो यांचे पाणी. रिझोतो हा आपल्या गुरगुट्या भाताचा दूरचा नातेवाईक म्हणावा असा पदार्थ आहे. आखूड, जाड तांदळात गरम रस्सा पळी-पळीने घालून तो ढवळत शिजवतात. तो रस्सा भाज्यांचा आहे की कोंबडीचा, हे कार्डावर क्वचितच लिहिलेले असते. सुरुवातीला त्यात वाइन घालण्याचीही पद्धत आहे. वर्ज्य असेल तर सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे अंडे. बाजारात पाकिटात मिळणारा वाळवलेला पास्ता सहसा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो, पण ‘ताजा पास्ता’ असे मिरवले जाते तेव्हा त्यात बहुधा अंडे असते. हौसेने घेतलेला महागडा ताजा पास्ता चतुर्थीच्या दिवशी पुढ्यात आला आणि मग हे कळले, तर पंचाईत होते.

चौथी गोष्ट म्हणजे गोड. पन्ना कोत्ता पाहायला दुधाच्या वडीसारखी पांढरीशुभ्र आणि निरागस असते, पण ती घट्ट होते जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात. काही ठिकाणी त्याऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर-अगर वापरतात; ते चालते. तिरामिसूत मूळ कृतीप्रमाणे कच्च्या अंड्याचा बलक असतो, त्यातली बिस्किटेही अंड्याची असतात आणि कधीकधी मद्यही असते. आपल्याकडे बिनअंड्याचे तिरामिसू अनेक ठिकाणी करतात, तरी ते विचारल्याशिवाय समजत नाही. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची छोटी खारवलेली मासळी असू शकते.

उलटा गैरसमजही होतो. ‘मरिनारा’ हे नाव समुद्राशी जोडलेले असल्यामुळे तो पिझ्झा मासळीचा असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते, चीजसुद्धा नसते.

आता जैन काकूंचा प्रश्न. ‘कांदा-लसूण घालू नका’ असे सांगितले की काम झाले असे आम्हाला वाटले होते. पण लाल सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात कांदा-लसूण घालून शिजवून ठेवलेला असतो, त्यातून लसूण रात्री कोणी वेचून काढू शकत नाही. म्हणूनच फोनवर आधी सांगितले तर वेगळा सॉस बाजूला काढता येतो. तसे झाले नसेल तर सॉसऐवजी ताज्या टोमॅटोच्या चकत्या लावलेला चीज पिझ्झा मागावा, किंवा पांढऱ्या सॉसचा पास्ता. पांढरा सॉस मुळात लोणी, मैदा आणि दूध यांचा असतो, मात्र काही आचारी लोण्यात आधी लसूण परततात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. ‘आल्यो ए ओल्यो’ हे नाव गोड वाटले तरी त्याचा अर्थच ‘लसूण आणि तेल’ असा आहे. न्योक्की बटाट्याची असल्यामुळे तीही बाद. पिझ्झ्याच्या पिठात यीस्ट असते. ते ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी ब्रुस्केत्ताचा पावही चालणार नाही.

४. माणशी एक नव्हे, टेबलाला मिळून मागवावे

चौघांसाठी आमचा आता ठरलेला हिशेब असा: एक तोंडीलावणे, एक मोठा पिझ्झा, दोन प्रकारचे पास्ते, आणि शेवटी भूक पाहून एक-दोन गोड. प्रत्येकाला रिकामी बशी मागून घ्यावी आणि वाटून खावे.

पिझ्झ्याच्या आकारात एक फसगत आहे. आठ इंची आणि बारा इंची यांत चारच इंचांचा फरक दिसतो, म्हणून आपण दोन लहान पिझ्झे मागवतो आणि जास्त मिळाले असे समजतो. पिझ्झा गोल असल्यामुळे हिशेब क्षेत्रफळाचा लावावा लागतो: आठ इंची पिझ्झा सुमारे ५० चौरस इंच भरतो, तर बारा इंची सुमारे ११३. म्हणजे दोन लहानांपेक्षा एक मोठा अधिक. दर पाहून मगच ठरवावे, पण आमच्या अनुभवात मोठाच परवडला.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणता पिझ्झा घ्यावा, असे विचाराल तर मी मार्गेरिताच सांगेन. १८८९ मध्ये नेपल्सला आलेल्या इटलीच्या राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, मोझरेल्ला चीज आणि बेसिल असा झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा बनवला गेला, अशी कथा सांगितली जाते; कथेचे खरेखोटे इतिहासकारांवर सोडू. स्वयंपाकघराची परीक्षा मात्र याच पिझ्झ्यावर होते, कारण मका, पनीर आणि सिमला मिरची यांच्या ढिगाखाली पिठाचे आणि सॉसचे दोष लपतात, आणि इथे लपायला काहीच नसते.

तिखट म्हणून ‘अर्राब्याता’ सुचवतील. या शब्दाचा अर्थ ‘रागावलेली’. आपल्या ठेच्यावर वाढलेल्या माणसाला तो राग नसून रुसवा वाटेल, तेव्हा मिरचीची पूड आधीच टेबलावर मागून घ्यावी.

५. कशाला किती वेळ लागतो ते जाणून ऑर्डर द्यावी

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा सव्वाचारशे-साडेचारशे अंश सेल्सिअस तापलेल्या लाकडाच्या भट्टीत एक ते दीड मिनिटात भाजून निघतो. विजेच्या साध्या भट्टीत काही मिनिटे जास्त लागतात. रिझोतो मात्र नुसता शिजायलाच अठरा-वीस मिनिटे घेतो आणि आधी करून ठेवला तर त्याचा गोळा होतो. पहिल्या रात्री मी भुकेला बसलो आणि मुलीचा पिझ्झा गार झाला, त्याचे कारण एवढेच. ‘सगळं एकदम आणा’ असे सांगितले तर आचारी कोणत्या तरी एका पदार्थावर अन्याय करतो. त्याऐवजी ‘आधी ब्रुस्केत्ता आणा, मग रिझोतो आणि पिझ्झा बरोबर येऊ द्या’ असे सांगावे.

पाणी विचारताना ‘बाटलीचं की साधं?’ असा प्रश्न येतो. साधे पाणी मागायला संकोच करू नये. बंद बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त आकारण्याची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेली आहे, त्यामुळे त्यावर नंतर वाद घालून उपयोग होत नाही.

६. ‘कच्चा राहिला’ म्हणण्याआधी एक घास आणखी खावा

आईने बशी परत पाठवली तेव्हा आतून आचारी स्वतः आला. तासगावकडचा तरुण मुलगा होता. त्याने उकळत्या पातेल्यातली एक लांब शेव बशीत आणली, चमच्याच्या कडेने मधोमध तोडली आणि आईपुढे धरली. तुटलेल्या टोकाच्या ऐन मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसत होता. ‘आजी, एवढा ठिपका जाता जाता उतरवायचं असतंय बघा. पुरता गेला की लगदा झाला,’ तो म्हणाला. आईने उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळवण्यात आयुष्य घालवले आहे. तिला ते चटकन पटले, फक्त ‘आमच्या शेवया दुधात मऊच लागतात’ एवढे तिने ऐकवलेच.

दाताला किंचित लागेल इतपतच शिजवण्याच्या या पद्धतीला ‘अल देन्ते’ म्हणतात. पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा असतो तो आपल्याला परका नाही; आपला बन्सी गहू त्याच जातीचा. त्याहून जवळचे नाते खपलीचे आहे. आपल्या भागात खिरीसाठी आवर्जून घेतला जाणारा खपली गहू इटलीत ‘फार्रो’ म्हणून सूप आणि सॅलडमध्ये खाल्ला जातो. कार्डावर फार्रो दिसला तर घाबरू नये, ती आपली खपलीच. ज्यांना मऊच हवा असेल त्यांनी ऑर्डर देतानाच ‘जरा जास्त शिजवा’ असे सांगावे. दातांची तक्रार असलेल्यांसाठी तर सांगावेच.

खाण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात: लांब पास्ता असेल तर काट्यात चार-पाचच शेवया धरून बशीच्या कडेला टेकवून गुंडाळाव्यात, जास्त धरल्या तर गुंडा तोंडात मावत नाही. पिझ्झा हाताने खाल्ला तरी चालतो. चाखून पाहण्याआधी सगळीकडे टोमॅटो केचप ओतू नये, एवढी विनंती मी आचाऱ्याच्या वतीने करतो.

७. गोड आणि कॉफी

गोड पदार्थ जेवण संपल्यावर मागवावेत, आधी नव्हे. पोट कुठवर भरेल याचा अंदाज पहिल्या भेटीत हमखास चुकतो. एस्प्रेसो मागवला तर जेमतेम ३० मिलिलिटर कडू कॉफी येते. ती पाहून ‘एवढीच?’ असे म्हणणारा मी पहिला नव्हतो, हे वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळले. मोठा कप हवा असेल तर कॅपुचिनो घ्यावी. इटलीत ती सकाळी पितात, पण सांगलीत रात्री दहाला मागितली तरी आनंदाने देतात.

८. बिल बसल्या जागी वाचावे

यावर पाच मिनिटे द्यावीत. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, तो बिलावर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. १,६०० रुपयांचे जेवण झाले तर ४० आणि ४० असे ८० रुपये. हॉटेल जीएसटीच्या छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत असेल तर ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. अशा बिलाच्या माथ्यावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असे असते. माथ्यावर तसे लिहिलेले आणि खाली कर लावलेला, असे दिसले तर शांतपणे विचारावे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही असायला हवा.

‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही. तो बिलात आपोआप लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. एका दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात माझ्या बिलात तो लावलेला होता. ‘हा काढून द्या’ एवढे म्हटल्यावर काढून दिला. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या मुलाने मनापासून केले असेल तर टीप त्याच्या हातात रोख द्यावी. सोबतच्या यादीत रोख रक्कम लिहिली ती यासाठीही.

९. उरलेले घरी आणताना

पिझ्झा आणि पास्ता एकाच डब्यात भरू नये, वाफेने पिझ्झ्याचा तळ ओला होतो. रिझोतो आणूच नये, तो तिथेच संपवावा. पिझ्झा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतो. त्यापेक्षा जाड तवा मंद आचेवर ठेवून त्यावर कोरडाच पिझ्झा ठेवावा, तळ कुरकुरीत झाला की तव्याच्या कडेला चार थेंब पाणी शिंपडून लगेच झाकण घालावे आणि चीज वितळले की उतरावा. पांढऱ्या सॉसचा पास्ता घट्ट झालेला असतो. दोन चमचे दूध घालून कढईत हलवला की मोकळा होतो. आमच्या घरी त्यावर आई शेंगदाण्याची चटणी भुरभुरते आणि तो खरोखरच चांगला लागतो; हॉटेलात मात्र ती मागू नये.